ओल्या रंगावरचं पत्रक

मी ब्रशनं चित्र काढत नाही, सुरीनं काढतो. पॅलेट नाइफनं. यामागं कलेचं काही तत्त्वज्ञान आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी खुशाल वाटून घ्यावं. मला चांगले ब्रश मिळत नव्हते, वाईट ब्रशचे केस रंगात गळायचे आणि सुरीला केस नसतात, एवढंच ते तत्त्वज्ञान. पुढं कळलं की आमच्या टेकडीला सुरीच लागते. काळा दगड फुटतो तेव्हा त्याला सपाट, धारेच्या बाजू येतात. एकेक बाजू सुरीच्या एकेका ओढीत बसते. तोच दगड ब्रशनं काढला की पिंजलेल्या कापसासारखा दिसतो.

टेकडी आमच्या गावामागं होती. सावनेरच्या रस्त्यानं नागपूरला येता-जाताना ती दिसायची. आता तिथं खड्डा आहे. नागपुरात नवे रस्ते झाले, प्लॉट पडले, स्लॅब पडले, त्यात आमची टेकडी गेली. तुम्ही स्कूटरवरून तिच्यावरूनच जाता. रस्ते होऊ नयेत असं माझं म्हणणं नाही. पण गिट्टी, म्हणजे तुमची खडी, कुठून येते आणि ती फोडताना कोण काय गिळतो, हे एकाही घरमालकानं आजवर विचारलेलं नाही, आणि हे मला सहन होत नाही.

माझा मोठा भाऊ ती गिट्टी फोडायचा. माझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठा. बापानं छप्पन साली धर्म बदलला, मुलांना शाळेत घालायचं असं घरात बजावून ठेवलं, आणि थोड्याच वर्षांत तो गेला. भाऊ चौथी शिकून खदानीवर गेला. मला मात्र त्यानं शाळेतून उठू दिलं नाही. मी शहरात चित्रकला शिकलो, तो आधी घणानं दगड फोडत होता, पुढं ठेकेदारानं क्रशर आणलं तेव्हा क्रशरच्या तोंडाशी उभा राहू लागला. संध्याकाळी घरी यायचा तेव्हा भुवया, पापण्या, कानाची पाळी सगळं पांढरं. लहान असताना मला त्याचं हसू यायचं. हे आज लिहिताना लाज वाटते, पण यायचं.

शिक्षण संपल्यावर मी खदान कामगारांच्या संघटनेत गेलो. पत्रकं लिहिण्याचं काम माझ्याकडं आलं. स्टेन्सिल कापायचं, सायक्लोस्टाइलवर काढायचं, चौकात वाटायचं. आम्हाला शिकवलेलं साधं होतं. पहिल्या ओळीत आरोप, दुसऱ्या ओळीत पुरावा, तिसऱ्या ओळीत माणूस. माणूस नसला तर वाचणारा पत्रकात फुटाणे बांधतो. मी यात चांगला तयार झालो. सकाळी उजेडात चित्र आणि बाकी दिवस पत्रकं, असं माझं चाललं होतं, आणि दोन्ही कामं मी एकाच रागानं करायचो.

भावाला खोकला लागला त्याला दोन वर्षं होऊन गेली होती. कोणी टीबी म्हणालं, त्याचं औषध झालं. उतार पडेना तेव्हा मी त्याला नागपुरात धंतोलीत एका डॉक्टरकडं नेलं. डॉक्टरांनी छातीचा फोटो खिडकीला धरला आणि पहिला प्रश्न विचारला, "काम काय करता?" भाऊ म्हणाला, "गिट्टीचं." डॉक्टरांनी फोटो पाकिटात घातला. मग त्याला बाहेर बसवून मला म्हणाले, "धूळ आहे. ही निघत नाही. फार तर वर्षभर."

मी वहिनीला सांगितलं. तिनं चुलीतली लाकडं मागं ओढली. मग म्हणाली, "त्यायले सांगू नका, भाऊजी. आशेवर दोन घास खाऊन राहिले."

मी कबूल केलं.

काम कायमचं सुटल्यावर भाऊ अंगणात बाजेवर पडून असायचा. एका रविवारी त्यानं मला हाक मारली.

"अबे चित्रकार, इकडं ये. आपली टेकडी आठवते काय तुले? आख्खी?"

"आठवते ना."

"मले नाही आठवत." त्यानं दम घेतला. "डोळे मिटले का खदानच दिसते. इतकी वर्षं मी तिच्यावर घण मारून राहिलो, अन् ती दिसे कशी तेच गेलं डोक्यातून. एक डाव काढून दे. मले पाहाची आहे."

वहिनी आतून म्हणाली, "पाहून काय होते? ते काय परत येते?"

"तुह्या माहेरी टेकडी नव्हती वं, तुले नाही कळाचं."

"माह्या माहेरी नदी आहे."

"हो, उन्हाळ्यात शोधाले जा लागते तिले."

वहिनी हसली. मीही हसलो. पण त्यानं मागितलं होतं ते मनापासून, हे मला दिसलं. आयुष्यात त्यानं माझ्याकडं मागितलेली ती पहिली वस्तू होती.

आणि मी काय केलं? माझ्याकडं एक तयार चित्र होतं ते उचलून नेलं. फोडलेल्या टेकडीचं. मधोमध कापलेला कडा, त्याच्यात गेरूसारखा लाल आणि बर्न्ट सिएनाचा भाजका तपकिरी जाड थापलेला, खाली क्रशरची पांढरी धूळ. शहरात एका प्रदर्शनात ते लावलं होतं आणि दोघातिघांनी वाहवा केली होती. मला त्या चित्राचा अभिमान होता.

भावानं ते हात लांब करून धरलं. अंगठ्यानं रंगाची कड चाचपली.

"हे ब्रशानं नाही काढलं."

"सुरीनं."

"ही सुरी व्हय? ही तं थापी आहे." तो वहिनीला म्हणाला, "ऐकलं काय वं, एवढं शिकून हा गवंडीच निघाला."

"एवढा रंग थापला भाऊजी, आपली मागची भिंत होऊन गेली असती."

मग तो गंभीर झाला. "चांगलं आहे गा. पण हे तं खदान आहे."

"हो. तिचं काय करून ठेवलं ते लोकांना दिसावं म्हणून..."

"लोकायले दाखव ना मंग. मले कायले दाखवून राहिला? मीच केलं ते."

मी चित्र बगलेत घेऊन परत आलो. रस्ताभर मनात त्याच्याशी भांडत होतो. तू नाही केलंस, तुझ्याकडून करवून घेतलं, असं भाषणात म्हणतात तसं म्हणत होतो. त्यानं मागितलं होतं काय आणि मी नेलं काय, हे माझ्या डोक्यात शिरायला दोन दिवस लागले.

मग आख्खी टेकडी काढायला बसलो, तेव्हा समजलं की मलाही ती आठवत नाही. "आठवते ना" हे मी उगाच ठोकून दिलं होतं. मी गाव सोडलं तेव्हाच ती अर्धी गेली होती. फोटो कोणाकडं नाही; आमच्या गावात टेकडीचा फोटो कोण काढणार? म्हाताऱ्यांना विचारलं. एक म्हणाला वर सपाट होती, बैलांचा बाजार भरेल एवढी. दुसरा म्हणाला, छे, उंटाची पाठ. शेवटी मी मनानंच काढली. वर टोक, दोन्ही बाजूंना उतार, पायथ्याशी पळस. खरं सांगायचं तर पत्रकावर टेकडी दाखवायला मी जी खूण काढायचो, तीच मोठी करून रंगवली होती.

रंग जास्त दिवस चालावा म्हणून मी त्यात जवसाचं तेल घालायचो. दुकानातलं शुद्ध केलेलं नाही, घाणीवरचं, ज्यात वहिनी भाजी करायची तेच. ते तेल वाळायला फार वेळ घेतं. त्यात सुरीनं दिलेला जाड थर. वरून साय धरते, बोट लावलं तर कोरडं वाटतं, आत लोणी असतं. मला हे माहीत होतं.

त्याच आठवड्यात संघटनेचं नवीन पत्रक निघायचं होतं. मोर्चा जवळ आला होता. आरोप होता, पुरावा होता. माणूस हवा होता. मी लिहिलं: "या टेकडीने माझ्या सख्ख्या भावाचे फुप्फुस खाल्ले आहे. तो वर्षही काढणार नाही. आणखी किती?" लिहिताना माझे डोळे भरले होते, हे खोटं नाही. वाक्य जमलं याचा आनंदही झाला होता, हेही खोटं नाही. कार्यालयात सगळ्यांनी ती ओळ पुन्हा पुन्हा वाचली. पत्रक सीताबर्डीत वाटायचं, दुसऱ्या खदानींवर वाटायचं, आमच्या गावात मात्र एकही न्यायचं नाही, असं मी स्वतः ठरवलं होतं. वहिनीला दिलेला शब्द मी असा पाळत होतो.

रविवारी चित्र घेऊन निघालो. बसमध्ये कोणाच्या कपड्यांना लागू नये म्हणून ते गुंडाळायला हवं होतं. माझ्या खोलीत कागद म्हणजे पत्रकं. दुसरा कागद कधी नसायचाच. गठ्ठ्यातली चार-सहा घेतली, छापलेली बाजू वर ठेवली, कारण शाई रंगाला लागू नये ही अक्कल होती, आणि सुतळीनं बांधलं. एवढी काळजी रंगाची घेतली. त्या कागदावर काय लिहिलंय ते त्या वेळी माझ्या मनातही आलं नाही. इतकी सवय झाली होती मला माझ्या अक्षरांची.

भाऊ उठून बसला होता. "आणली काय? मी सोडतो, मी सोडतो." त्यानं सुतळीची गाठ दातानं सोडली. तीन कागद सहज निघाले. चौथा वरच्या बाजूला, टोकावर, चिकटून बसला होता. ऊन आणि बसची गर्दी, आतला रंग दबून कागदाला धरला होता. तो हळूहळू कागद सोलायला लागला आणि सोलता सोलता वाचायला लागला. चौथी शिकलेला माणूस ओठ हलवत वाचतो.

"...सख्ख्या... भावाचे... फुप्फुस..."

मी कागद ओढला. टेकडीचं टोक कागदासोबत निघून आलं. खालचा पांढरा थर उघडा पडला.

"आण इकडं," तो म्हणाला.

"भाऊ, ते तसं..."

"आण."

त्यानं रंगानं माखलेला कागद गुडघ्यावर सपाट केला आणि पूर्ण वाचला. बोटं निळीकाळी झाली. वहिनी पाण्याचा गडवा घेऊन दारात उभी होती. तिला वाचता येत नव्हतं. पण माझ्या तोंडाकडं पाहून तिला समजलं. तिनं गडवा खाली ठेवला आणि आत गेली. त्या दिवसापासून ती माझ्याशी बोलली नाही. बरोबरच केलं तिनं.

"हे तुह्याच हातचं आहे?"

"हो."

"मंग तोंडानं सांग."

मी खाली पडलेली सुतळी गुंडाळायला लागलो.

"सभेत तं लय बोलतं तू. फाटकासमोर उभा राहून ओरडतं. माह्यासमोर काहून बोलत नाहीस? डाक्टर काय म्हणे?"

ठेकेदाराच्या माणसांसमोर मी कधी चाचरलो नव्हतो. तिथं, त्या बाजेच्या कडेला, चाचरलो. शेवटी म्हणालो, "धूळ निघत नाही म्हणे. वर्षभर म्हणे."

"कवा म्हणे?"

"दिवाळीआधी."

त्यानं मनातल्या मनात हिशेब केला असावा. पळस फुलला होता. मग कागदावर बोट ठेवून म्हणाला, "हे चुकलं तुहं. टेकडीनं नाही खाल्लं गा. टेकडीले मी खाल्लं. तिचं कायले नाव घेतं?"

मला वाटलं आता तो चित्र फेकून देईल. त्यानं ते मांडीवर घेतलं.

"हे आपली टेकडी नोहय. अशी टोकदार कुठं होती? तुही ते थापी आणली काय?"

मी रोज जाऊ लागलो. संघटनेत सांगितलं भाऊ आजारी आहे, जे त्यांना माहीतच होतं. रंग आत ओला होता म्हणून सगळं खरवडता आलं. सुरीच्या कडेनं मी ती टोकदार टेकडी काढून टाकली, फक्त पायथा ठेवला.

टेकडी कशी दिसायची ते भावाला आठवत नव्हतं. पण कोणता तुकडा कोणत्या साली फोडला हे त्याला पाठ होतं. तेव्हा त्यानंच रीत काढली. शेवटी फोडलेलं आधी लावायचं. "मागच्या साली ही बाजू गेली. काळी, निब्बर. ठेव." मी काळ्यात निळा मिसळून सुरीनं एक थर ठेवायचा. "त्याच्या आधी हे. इथं मुरूम होता, तांबडा. दोन टिप्पर निघाला. कमी ठेव, कमी." "इथं खाच होती, पाणी साचे. पोरी कपडे धुवेत." "इथं सुरुंग फुटला नाही पहिल्यांदा. वात पुन्हा मी पेटवली. लय भेव वाटलं मले, पण सांगतलं नाही कोणाले." एकेक सुरुंग उलटा. खड्डा भरत वर यायला लागला. मी त्याला कधी विचारलं नव्हतं की तिथं काम करताना तू काय पाहायचास. निवेदनावर त्याची सही घेतली होती, अंगठे गोळा करायला त्याला पाठवलं होतं, त्याच्यावर ओळ लिहिली होती. विचारलं मात्र कधीच नव्हतं.

थकला की म्हणायचा, "राहू दे आता. उद्या पुढची पाळी." आणि डोळे मिटून पडायचा. एकदा मिटल्या डोळ्यांनी म्हणाला, "खांद्यापर्यंत येते आता. पळसाकडून पाहिलं का खांद्यापर्यंत दिसते."

"आणि वर?"

"वर नाही. वरचं सगळ्यात आधी गेलं. मी नवीन होतो, टोपलं डोक्यावर, मान खाली. वर पाहाले सवड कोणाले होती?" तो थांबला. "येईन. हे जसं येऊन राहिलं तसं तेही येईन."

बाराव्या की तेराव्या दिवशी त्याला श्वास घेता येईना. धंतोलीतल्या दवाखान्यात ठेवला. चित्र तिथं नेता आलं नाही, तेलाच्या वासानं त्याला धाप लागली असती. नाकाला नळी होती. बोलणं जवळजवळ बंद. एका दुपारी त्यानं मला खूण करून जवळ बोलावलं आणि चादरीवर बोटानं रेघ काढली. डावीकडून वर, मग आडवी, मग थोडी खाली, की तिथं चादरीला सुरकुती होती म्हणून बोट खाली गेलं, मला कळलं नाही. मग पुन्हा वर. मग उतार.

"वरचं?" मी विचारलं.

त्यानं मान डोलावली.

"पुन्हा काढ, भाऊ. इथं सपाट आहे का? का खाच आहे?"

त्यानं बोट पुन्हा उचललं. ते चादरीपर्यंत आलं आणि तिथंच राहिलं. वहिनीनं त्याचा हात धरून पोटावर ठेवला. ती माझ्याकडं पाहत नव्हती. दोन दिवसांनी तो गेला.

मोर्चाच्या आधी पत्रक पुन्हा छापायचं ठरलं. मी म्हणालो, ती ओळ बदलायची. भावानं दुरुस्त केली आहे: टेकडीनं त्याला खाल्लं नाही, टेकडीलाच त्यानं खाल्लं. सहकारी म्हणाले, हे लांबतं, चौकातल्या माणसाला समजणार नाही, आणि यात दोष त्याच्यावरच येतो. मी भांडलो. मतं घेतली गेली. जुनीच ओळ राहिली, फक्त "वर्षही काढणार नाही" च्या जागी "गेला" आलं. मी ती पत्रकं वाटली नाहीत. मोर्चाला मात्र गेलो, घोषणाही दिल्या, कारण ठेकेदार तोच होता आणि क्रशर सुरू होतं.

चित्र एकदा सभेत ठेवलं होतं. शहरातले एक जाणकार गृहस्थ त्या कोऱ्या माथ्यापुढं बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, फार मोठं प्रतीक आहे हे, रिकामपणाचं. मी म्हणालो, प्रतीक नाही, तिथलं माझ्या भावाचं सांगायचं राहिलं आहे. ते हसले, म्हणाले तुम्ही कलावंत फार नम्र असता. दुसऱ्याच दिवशी मी ते चित्र उचलून वहिनीच्या घरी नेऊन ठेवलं. तिनं ते धान्याच्या कोठीमागं सरकवलं.

मी त्यानंतर कितीतरी वेळा सुरी हातात घेतली. सपाट की उंटाची पाठ, की मधे खाच. चादरीवरचं बोट आठवतं, पण सुरकुती आड येते. एकदा तर ठरवूनच गेलो की आज काहीतरी लावून टाकायचं, उघडं बघवत नाही. कोठीमागून चित्र काढलं, उजेडात आणलं. वहिनी शेंगा सोलत बसली होती. ती उठून जवळ आली. वर्षभरात पहिल्यांदा माझ्याशी बोलली.

"वाळलं काय हे?"

मी खांद्यावर, जिथं थर सगळ्यात जाड होता, अंगठा दाबून पाहिला. नख रोवून पाहिलं.

"वाळलं," मी म्हणालो.

"मंग आता राहू द्या," ती म्हणाली, आणि शेंगांचं सूप पुढं ओढून तिनं माझ्यासाठी बसायला जागा केली.